एक किलोमीटरच्या आतले डुक्कर

२०२० सालच्या मे महिन्यात, सगळा देश टाळेबंदीत दारे लावून बसलेला असताना, आसामात डुकरे पटापट मरत असल्याची बातमी आली. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने नमुने तपासून रोगाचे नाव सांगितले: आफ्रिकन स्वाइन फीव्हर. भारतात तो पहिल्यांदाच आला होता. केनियातून १९२१ साली त्याची पहिली शास्त्रीय नोंद झाली. पुढे १९५७ मध्ये तो पोर्तुगालला पोचला, २००७ मध्ये जॉर्जियात उतरून पूर्व युरोपभर पसरला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये चीनमध्ये शिरला. आता तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात होता. माणसाला तो होत नाही. डुकराला झाला की ते आधी खाण्यावरून तोंड फिरवते. मग ताप चढतो, कळपातली जनावरे एकमेकांच्या अंगावर अंग टाकून पडून राहतात, कान आणि पोटाची कातडी लालसर-जांभळी पडते आणि आठवडा-दहा दिवसांत बहुतेक सगळी मरतात. औषध नाही, आणि आपल्याकडे वापरात असलेली लसही नाही. मग सरकारपाशी उरतो तो एकच जुना उपाय. केंद्राच्या कृती आराखड्यात तो असा मांडला आहे: जिथे रोग सापडला ती जागा मध्यबिंदू धरायची, एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि त्यातले प्रत्येक डुक्कर मारायचे. तिथून दहा किलोमीटरपर्यंत निगराणी. डुकरे, मांस, खाद्य यांची ने-आण बंद. मेलेली आणि मारलेली जनावरे खोल खड्ड्यात, वरून चुना.

प्रश्न आहे तो या वर्तुळातल्या त्या डुकराचा, ज्याला ताप नाही. ते खाते आहे, चिखलात लोळते आहे, पिलांना पाजते आहे. त्याच्या गोठ्यापासून नऊशे मीटरवर दुसऱ्या कोणाचे डुक्कर आजारी पडले एवढाच त्याचा संबंध. ते मारायचे की नाही, याचे उत्तर पशुवैद्यक शास्त्राने दिलेले आहे आणि ते उत्तर बहुतांशी बरोबर आहे. पण मारल्यावर आपण जे केले त्याला काय म्हणायचे, हा पशुवैद्यकाचा प्रश्न नव्हे. तो धर्माचा आहे, म्हणजे ज्या अर्थाने आपल्याकडे धर्म हा शब्द कर्तव्य आणि देणे या दोन्हींसाठी वापरतात त्या अर्थाने. माझे म्हणणे असे, की ही हत्या आवश्यक असू शकते, पण ती दया नव्हे. ती दुसऱ्यांच्या भल्यासाठी केलेली हिंसा आहे. आणि आवश्यक म्हणून केलेली हिंसा आवश्यक ठरल्याने फिटत नाही, तिचे देणे मागे राहते. सरकारी नियम हे देणे शब्दांत लपवतात आणि मग हिशेबातही चुकवतात.

शब्दांपासूनच सुरुवात करू. प्राण्यांतील सांसर्गिक रोगांच्या प्रतिबंधाचा आणि नियंत्रणाचा कायदा संसदेने २००९ साली केला. त्याने १८९९ चा घोड्यांच्या ग्लँडर्स रोगाचा ब्रिटिशकालीन कायदा मोडीत काढला आणि सगळ्या जनावरांसाठी एक चौकट आणली. रोगग्रस्त जनावर मारण्याची वेळ आली तर त्या कृतीसाठी या कायद्यात वापरलेला इंग्रजी शब्द आहे ‘युथनेशिया’. मराठीत आपण त्याला दयामरण म्हणतो. आपल्या वर्तमानपत्रांची आणि जिल्हा कचेऱ्यांची मराठी आणखी निराळी वाट काढते. नवापूरला २००६ साली बर्ड फ्लू आला तेव्हापासून ती रुळली आहे: पक्षी ‘नष्ट करण्यात आले’, त्यांची ‘शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट लावण्यात आली’. कोणी मारले हे त्या वाक्यात कुठेच नसते. कर्मणी प्रयोगाला मराठीत एवढी मोठी नोकरी दुसऱ्या कोणी दिली नसेल. एका बाजूला दयेचा शब्द, दुसऱ्या बाजूला कर्ता गाळलेले वाक्य. दोन्हींचे काम एकच, हिंसेवरून हिंसेचे नाव पुसून टाकणे.

दयामरण म्हणजे काय याचा आपल्याकडे एकदा चांगला खल झालेला आहे. १९२८ साली साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनांनी तळमळत पडले होते. ते जगण्याची आशा उरली नव्हती. गांधीजींनी डॉक्टरकरवी विषाचे इंजेक्शन देऊन त्याला मरण दिले. अहमदाबादेत, विशेषतः जैन समाजात, मोठा क्षोभ उसळला, पत्रांचा पाऊस पडला. त्यांना उत्तर देताना गांधीजींनी एक भेद केला, तो वासराच्या गोष्टीइतका लोकांच्या लक्षात राहिला नाही. वासराला मारले ते वासराच्या स्वतःच्या सुटकेसाठी, म्हणून त्यांच्या मते ती अहिंसा. पण त्याच वेळी आश्रमाच्या पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांचाही प्रश्न होता, आणि त्या बाबतीत त्यांनी स्वतःला ही सवलत घेऊ दिली नाही. माकडे मारली तर ती आपल्या पिकासाठी मारलेली असतील, माकडाचे त्यात काहीच भले नाही, म्हणून ती हिंसा. कदाचित टाळता न येणारी, पण हिंसाच. हा भेद लावला तर तापाने फणफणलेल्या, मरणाच्या दारात पोचलेल्या डुकराला दिलेले इंजेक्शन वासराच्या रांगेत बसेल. नऊशे मीटरवरचे धडधाकट डुक्कर मात्र माकडाच्या रांगेतले आहे. कायद्यातला शब्द वासरासाठीचा. जिथे तो सर्वांत जास्त वेळा लागू होतो तो प्राणी माकडासारखा दुसऱ्यासाठी मरणारा.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. ते डुक्कर धडधाकट आहे हे कशावरून? संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत चार दिवसही लागतात, कधी एकोणीसही. या मधल्या काळात डुक्कर खाते-पिते आणि विषाणू पसरवूही लागते. हा विषाणू मोठा चिवट आहे. गोठवलेल्या मांसात, खारवलेल्या मांसात तो महिनोन्महिने टिकतो, बुटाच्या तळव्याला चिकटून गावोगाव फिरतो. स्वयंपाकघरातले उरलेसुरले उकळून डुकरांना घालण्याची ईशान्येकडे सर्रास पद्धत आहे, आणि उकळण्यात कसूर झाली तर रोग पातेल्यातूनच गोठ्यात जातो. एकेका जनावराची तपासणी करून निकालाची वाट पाहत बसले तर तोवर तालुका साफ होईल. हे सगळे मान्य आहे. पण या युक्तिवादाने नेमके काय सिद्ध होते ते पाहिले पाहिजे. डुक्कर रोगी आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. आपल्याला माहीत नाही, एवढेच सिद्ध होते. विषाणू काही हवेतून एक किलोमीटर उडत जाऊन तिथे थांबत नाही. तो ट्रकने, माणसाने, मांसाच्या पिशवीने जातो, कधी शेजारच्या गोठ्याला वगळून पंचवीस किलोमीटरवरच्या बाजारात उतरतो. वर्तुळ हा आपल्या अज्ञानाचा नकाशा आहे. विषाणूला त्याची काही खबर नसते. अज्ञानापोटी कृती करणे कधीकधी भागच असते. पण ज्या प्राण्याला आपल्या अज्ञानाची किंमत मोजावी लागते त्याच्यावर आपण उपकार करतो आहोत असे म्हणणे हा मात्र कावा झाला.

दुसरा आक्षेप संख्येचा. हजार मारून लाख वाचत असतील तर हजार मारणे हाच खरा प्राणिमात्रांचा कळवळा, असे कोणी म्हणेल. पण लाख वाचतात ते कशासाठी? पुढच्या नाताळाला, पुढच्या लग्नाला, बाजारात कापले जाण्यासाठी. डुकरांचे भले हा या हिशेबातला खरा रकाना नाहीच. खरा रकाना आहे माणसांच्या पोटाचा. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली, त्यातली २१ लाखांच्या आसपास एकट्या आसामात होती. तिथल्या मिसिंग, बोडो अशा समाजांतल्या बाईसाठी परसातली दोन डुकरे म्हणजे मुलांची फी, दवाखाना, अडीनडीचा पैसा. मिझोराममध्ये तर डोंगरउतारावरच्या घराशेजारी लाकडी खोपट्यात डुक्कर असतेच आणि ‘वॉकसा’, म्हणजे डुकराचे मांस, याशिवाय मेजवानी होत नाही. ही उपजीविका वाचवण्यासाठी डुकरे मारायची असतील तर ते कारण पुरेसे सबळ आहे. त्याला प्राणिप्रेमाचा मुलामा लागत नाही. उलट मुलामा दिला की हिशेब चुकतो. कारण मग ज्याची उपजीविका आपण बुडवली त्याच्याकडेही आपण उपकारकर्त्याच्या तोऱ्यात जातो.

नेदरलँड्समध्ये १९९७-९८ साली हेच टोकाला गेले. तिथे आला होता तो डुकरांचा दुसरा ताप, क्लासिकल स्वाइन फीव्हर. या रोगाची लस होती, पण युरोपीय बाजाराच्या नियमांनी १९९० पासून लसीकरण बंद केले होते, कारण लस टोचलेले डुक्कर आणि रोग होऊन गेलेले डुक्कर तपासणीत सारखेच दिसत आणि निर्यात अडत असे. एक कोटीच्या आसपास डुकरे मारली गेली. त्यातली बहुसंख्य रोगीही नव्हती आणि रोगाच्या सान्निध्यातलीही नव्हती. वाहतूकबंदीमुळे ती गोठ्यातून हलवता येईनात, वाढत राहिली, उभे राहायलाही जागा उरेना. मग त्यांना ‘प्राण्यांच्या कल्याणासाठी’ मारण्यात आले. सरकारी वर्गवारीत तसा रकानाच होता. नियमाने आधी कोंडी करायची आणि कोंडीतून सोडवले म्हणून कल्याण नोंदवायचे. शब्द सैल सुटले की कुठवर जातात याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

तिसरा आक्षेप हसत हसत घेतला जातो: अहो, ते डुक्कर मरणारच होते की, आज खड्ड्यात गेले नसते तर सहा महिन्यांनी ताटात. मरणारच होते हे कारण चालवायचे तर ते आपल्या सर्वांना लागू पडेल. पण विनोद सोडला तरी कसायाच्या हातचे मरण आणि वर्तुळातले मरण यांत फरक आहे. पाळणारा जनावर विकतो किंवा कापतो तेव्हा तो स्वतः ठरवतो, वेळ स्वतः निवडतो, त्यातून अन्न आणि पैसा येतो, आणि काय केले हे त्याला ठाऊक असते. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध भेटतो. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला जातो तेव्हा तो दुकानात बसून मांस विकत असतो, डुकराचे आणि रेड्याचे. आपण स्वतः मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेले विकतो, हे तो सांगतो. नांगरटीत किती जीव मरतात, धान्याच्या दाण्यातही जीव असतो, पूर्ण अहिंसा या जगात कोणाला साधली आहे, हेही तो सांगतो. पण आपला धंदा घोर आहे हे तो एका क्षणासाठीही नाकारत नाही. महाभारतकारांनी धर्माचा उपदेश करायला डुकराचे मांस विकणारा माणूस निवडला यात नुसता धक्का देण्याचा हेतू नसावा. ज्याला आपली हिंसा दिसते त्यालाच हिंसेविषयी बोलण्याचा अधिकार, असे काहीतरी त्यामागे आहे.

हाच विचार आपल्या गृहस्थधर्मात आणखी रोजच्या पातळीवर आला आहे. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा, या घरातल्या पाच ‘सूना’, म्हणजे खाटीकखाने, असे मनुस्मृती सांगते. चुलीत, पाट्याखाली, झाडताना जीव मरतात. ते टाळता येत नाहीत, म्हणून गृहस्थाने रोज पाच यज्ञ करून त्याची फेड करायची. ज्या ग्रंथाची १९२७ च्या डिसेंबरात महाडला होळी झाली त्याचा आधार घेताना लाज वाटली पाहिजे, कारण त्याच ग्रंथाने डुकरे पाळणाऱ्यांसारख्या माणसांना गावकुसाबाहेर बसवायची तजवीजही केली. तरी या एका कल्पनेत शहाणपण आहे. केर काढल्यावाचून घर चालणार नाही, आणि केर काढताना मुंगी मरते. या दोन वाक्यांपैकी एकाने दुसरे रद्द होत नाही. आवश्यकतेने परवानगी मिळते, माफी मिळत नाही. पाच यज्ञांपैकी एक भूतयज्ञ, म्हणजे मुक्या जिवांचा वाटा बाजूला काढून ठेवणे. ज्यांच्या वाट्याला नुकसान आले त्यांच्याकडेच फेड गेली पाहिजे, ही यातली खुबी. आधुनिक राज्याच्या भाषेत या फेडीला भरपाई म्हणतात.

भरपाईची कल्पनाही जुनी आहे आणि तिचा जन्म उद्बोधक आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बुळकांडीने युरोपातली गुरे साफ होत होती. पोपचे वैद्य लान्सिसी यांनी रोमच्या परिसरात रोगी गुरे मारून पुरण्याचा आणि हालचाल रोखण्याचा सल्ला दिला. नियम मोडणाऱ्याला भयंकर शिक्षा ठरल्या, सामान्य माणसाला देहदंडापर्यंत. १७१४ मध्ये हाच रोग इंग्लंडात पोचला तेव्हा राजाचे शल्यवैद्य टॉमस बेट्स यांनी लान्सिसींचाच उपाय उचलला, पण शिक्षेच्या जागी पैसा ठेवला: जनावर मारायला दिले की मालकाला भरपाई. लोकांनी रोग लपवला नाही आणि काही महिन्यांत साथ आटोक्यात आली. भरपाई हा बेट्स यांच्या लेखी रोग हटवण्याचा मार्ग होता. दानाशी त्याचा संबंध नव्हता. मला मात्र त्यात त्याहून अधिक दिसते. भीती दाखवून घेतलेले आणि मोबदला देऊन घेतलेले, यांत राज्य आणि माणूस यांचे नातेच बदलते. दुसऱ्या रीतीत राज्य कबूल करते की मी तुझ्याकडून काहीतरी घेतले.

आपल्या डुकरांच्या नियमात ही कबुली अर्धीच आहे. भरपाई आहे. वजनाप्रमाणे लहान पिलाला २,२०० रुपयांपासून मोठ्या डुकराला १५,००० रुपयांपर्यंत दर ठरले, आणि खर्च केंद्र व राज्य वाटून घेतात. पण ती मिळते सरकारने मारलेल्या डुकराची. रोगाने मेलेल्या डुकराची नाही. मिझोराममध्ये २०२१ या एका वर्षात ३३ हजारांवर डुकरे रोगाने मेली आणि दहा हजारांवर मारली गेली. म्हणजे नुकसान झालेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती योजनेतून काहीच लागले नाही, आणि ज्यांना लागायचे त्यांनाही वाट पाहावी लागली. एका बाईच्या खोपट्यात तीन डुकरे आहेत असे धरा. पहिले रात्री मेले. कायद्याप्रमाणे तिने लगेच गावच्या अधिकाऱ्याला कळवायचे. कळवले तर मेलेल्याचे पैसे नाहीत, उरलेल्या दोघांचे कधीतरी येतील. गप्प राहून त्याच पहाटे दोन्ही विकली तर पैसे हातात, आणि रोग पुढच्या गावात. नियम तिला प्रामाणिकपणाचा दंड करतो. इथे नीती आणि परिणामकारकता एकाच बाजूला उभ्या आहेत, म्हणून हे देणे मान्य करा असे म्हणणे हा केवळ भाबडेपणा नाही. आपण केलेल्या हिंसेपुरतेच पैसे, देवाने केलेल्या नुकसानीचे नाहीत, असा तर्क या नियमामागे असावा. पण वाहतूक बंद, बाजार बंद, आजारी जनावर विकायचे नाही, मेलेले खायचे नाही, ही सगळी बंधने ज्याचे डुक्कर आपोआप मेले त्यानेही पाळायची असतात, आणि ती तो इतरांच्या डुकरांसाठी पाळतो. त्याच्याकडूनही घेतलेले आहेच.

आता सर्वांत अवघड जागा. महाराष्ट्रात २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा गाई-बैल मरू लागले. सरकारने शेळ्यांच्या देवीची लस गावोगाव टोचली आणि मेलेल्या जनावराची मदत दिली: दुभत्या गाईला ३०,००० रुपये, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. वर्तुळ काढून निरोगी गाई मारण्याची कल्पना कोणाच्या स्वप्नातही आली नाही. बुळकांडीचेही तसेच. विसाव्या शतकात हिंदुस्थानात तिच्याशी लढा झाला तो मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेतल्या लसीने आणि १९५४ पासूनच्या राष्ट्रीय लसीकरण मोहिमेने. इथली शेवटची लागण १९९५ ची, आणि २०११ मध्ये जगातूनच तो रोग गेल्याची घोषणा झाली. युरोपात गुरे मारून जे साधले ते इथे टोचून साधले, कारण गाय मारणे शक्यच नव्हते. धर्मभावनेने शास्त्राचा एक रस्ता बंद केला आणि शास्त्राला दुसरा शोधावा लागला. यावर आक्षेप उघड आहे: गाईसाठी लस होती, या डुकरतापासाठी नाही. खरे आहे. हा विषाणू प्रचंड मोठा आणि कुटिल आहे. पोर्तुगाल-स्पेनमध्ये साठच्या दशकात दुबळ्या केलेल्या विषाणूची लस टोचली तेव्हा डुकरांना रेंगाळणारा रोग जडला. व्हिएतनामने २०२२ मध्ये पहिली लस मंजूर केली ती जगाने अजून साशंकतेनेच पाहिली आहे. तेव्हा गाईला वाचवले आणि डुकराला मारले यात निव्वळ पक्षपात आहे, असे मी म्हणणार नाही. पण मेलेल्या गाईचे पैसे आणि मेलेल्या डुकराचे नाहीत, या फरकाला विषाणूशास्त्राचा कोणताच आधार नाही. तो आधार दुसरीकडे आहे. गाय ज्यांच्या दारात असते आणि डुक्कर ज्यांच्या, त्यांच्या पतीत आहे. विष्णूचा तिसरा अवतार वराह, रामटेकच्या गडावर त्याची थोरली मूर्ती आहे, लोक तिच्या पोटाखालून सरपटत जातात. उतरून गावात आले की डुक्कर ही शिवी होते, आणि ते पाळणारा वडार-कैकाडी त्या शिवीच्या आसपास राहतो.

किळस नियमात शिरली की काय होते ते इजिप्तने २००९ मध्ये दाखवले. माणसांत पसरणाऱ्या नव्या इन्फ्लुएंझाला जगाने ‘स्वाइन फ्लू’ म्हटले. तो डुकरांमुळे पसरत नव्हता, आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्था तसे सांगतही होत्या. इजिप्तने तरी देशातली सगळी डुकरे, सुमारे तीन लाख, मारण्याचा हुकूम काढला. ती होती मुख्यतः कैरोत कचरा गोळा करणाऱ्या कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंबांची. शहराचे ओले खरकटे ती खात. डुकरे गेली आणि काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. एक प्राणी अपवित्र, त्याचे मालक अल्पसंख्य, आणि रोगाच्या नावात त्याचे नाव. एवढ्यावर निकाल लागला. हैतीत आफ्रिकन स्वाइन फीव्हर खरोखरच आला होता. तिथे १९८० च्या दशकारंभी अमेरिकेच्या पैशाने आणि आग्रहाने देशी काळी डुकरे शेवटपर्यंत मारली गेली. ती डुकरे खेड्यातल्या माणसाची बँक होती, आणि १७९१ मध्ये ज्या रात्रीच्या विधीतून गुलामांचे बंड पेटले असे तिथे सांगतात त्या विधीतही काळ्या डुकराचाच बळी होता. बदली म्हणून आणलेली गोरी अमेरिकन डुकरे इतक्या निगुतीने ठेवावी लागत की लोक त्यांना चार पायांचे राजपुत्र म्हणू लागले. रोग गेला. हैतीचा शेतकरी मात्र त्यातून आजही पुरता सावरला नाही, असे तिथले अभ्यासक म्हणतात.

मिझोराममधले बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत, म्हणून आणखी एक गोष्ट इथे लागू पडते. मार्कच्या शुभवर्तमानात येशू एका पछाडलेल्या माणसातून पिशाच्चे काढतो. ती डुकरांच्या कळपात शिरतात आणि सुमारे दोन हजार डुकरे कड्यावरून सरोवरात पडून बुडतात. संत ऑगस्टीनने या कथेतून असा निष्कर्ष काढला की मुक्या जनावरांशी आपले नीतीचे कोणतेच नाते नाही. एका माणसाच्या सुटकेसाठी दोन हजार डुकरे हा त्याच्या दृष्टीने सरळ व्यवहार. पण कथा तिथे थांबत नाही. डुकरे राखणारे पळत जाऊन गावात आणि मळ्यांत सांगतात, लोक येतात, बरा झालेला माणूस शुद्धीवर येऊन बसलेला पाहतात, आणि येशूला आमच्या भागातून निघून जा अशी विनवणी करतात. चमत्कार झाला होता, माणूस वाचला होता, तरी त्यांना तो पाहुणा नको होता. शतकानुशतके प्रवचनांत या गावकऱ्यांना कोत्या मनाचे म्हटले गेले. त्यांच्या बाजूने पाहिले तर दोन हजार डुकरांचे काय, हे त्यांना कोणी विचारले नव्हते.

निखळ अहिंसावाद्याला माझी ही सगळी मांडणी पळवाट वाटेल. हिंसा आहे असे म्हणता तर करताच कशाला? कारण न करणे म्हणजे अहिंसा नव्हे. वर्तुळ काढले नाही तर तीच डुकरे आणि आणखी हजारो, आठ-दहा दिवस तापात तडफडून मरतील. भटक्या कुत्र्यांच्या वादात, १९२६ साली, गांधीजींनी अहमदाबादच्या सज्जनांना सुनावले होते ते यासाठीच: कुत्र्याला भाकरतुकडा टाकून त्याची जबाबदारी न घेणे ही दया नव्हे. दुसऱ्या टोकाला प्रशासक म्हणेल, पाप, ऋण, फेड असले शब्द साथीच्या कामात नकोत, मैदानात उतरलेल्या पशुवैद्याचे हात थरथरतील. थरथरले तर बिघडले काय? एका दिवसात शेकडो जनावरांना झटका किंवा इंजेक्शन द्यायला लावलेल्या माणसालाही आपण काहीतरी करायला लावले आहे, आणि ‘विल्हेवाट’ या शब्दाने त्याच्या रात्रीच्या झोपेचे काही भले होत नाही. नियमाची भाषा खरी झाली तर त्याचा भारही थोडा वाटला जाईल.

मारणे संपल्यावर गोठे धुतात, फवारतात, रिकामे ठेवतात. ठरावीक मुदत गेली की नवी डुकरे आणण्याआधी थोडी पिले त्या जागेत सोडायची, असे या रोगाच्या मार्गदर्शिका सांगतात. त्यांना पहारेकरी म्हणतात. ती जगली तर जागा स्वच्छ, मेली तर विषाणू अजून आहे. त्यांच्या आधी तिथे जी होती त्यांतल्या कित्येकांना रोग झाला होता की नाही हे आता कोणालाच कळणार नाही. ही चार-पाच पिले मात्र त्याच मातीत नाक खुपसत फिरतात, आणि कोणीतरी रोज सकाळी कुंपणाशी येऊन त्यांनी रात्रीचे खाणे संपवले का ते वाकून पाहते.